‘विषबाधा’ लिहून फाइल बंद करू नका: वसतिगृहं चालवणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
आश्रमशाळा, निवासी शाळा आणि वसतिगृहं चालवणाऱ्या संस्थांचे पदाधिकारी, मुख्याध्यापक, अधीक्षक व गृहपाल

सप्रेम नमस्कार.

वसतिगृहातल्या तीस-चाळीस मुलांना एका रात्रीत उलट्या-जुलाब सुरू झाले की पुढे काय होतं, हे आता सगळ्यांना पाठ झालं आहे. सकाळी ‘विद्यार्थ्यांना अन्नातून विषबाधा’ अशी बातमी येते. दुपारी उरलेल्या भाजीचा नमुना बरणीत भरून रवाना होतो. संध्याकाळी स्वयंपाकीण बाईंना ‘उद्यापासून येऊ नका’ असं सांगितलं जातं. दुसऱ्या दिवशी पालकांना फोन जातात: पोरांना घेऊन जा, वसतिगृह आठ दिवस बंद. आठवड्यानं मुलं परतात तेव्हा स्वयंपाकाला नवीन माणूस असतो. पिंप, नळ, संडास आणि पोछा मात्र जिथल्या तिथेच असतात.

मुलं घरी पाठवायची आणि आचारी बदलायचा, या निर्णयाला आमचा विरोध आहे. ज्यांची लेकरं तुमच्याकडे राहतात त्यांनीही वाचावं म्हणून हे पत्र उघड लिहितो आहोत. आम्ही तालुक्याच्या गावी असले पेशंट बघणारे डॉक्टर, परिचारिका आणि आरोग्यसेवक. तुमच्याकडून निघालेलं मूल चार-पाच तास एसटीत बसून घरी जातं आणि तिथून आमच्या खाटेवर येतं. तोवर त्याचे डोळे खोल गेलेले असतात, जीभ कोरडी पडलेली असते आणि सलाईन लावायला हाताला शीर सापडत नाही.

पहिली तक्रार ‘विषबाधा’ या शब्दाबद्दल आहे. अन्नातून विषबाधा होतेच, ती कोणी नाकारत नाही. सकाळी शिजवलेला भात रात्रीपर्यंत पातेल्यात तसाच राहिला, किंवा हाताला पिकलेला फोड असलेल्या माणसानं खीर ढवळली, तर जंतूंचं विष त्या पदार्थात तयार होतं. पण त्याची एक चाल असते. जेवणानंतर 1 ते 6 तासांत, ज्यांनी तो पदार्थ खाल्ला त्यांना, जवळजवळ एकदमच उलट्या सुरू होतात आणि बहुतेक जण दुसऱ्या दिवशी उठून बसतात. ज्याला आपण गॅस्ट्रो म्हणतो त्या विषाणूची, म्हणजे मुख्यतः नोरोव्हायरसची, चाल वेगळी. तो पोटात गेल्यावर 12 ते 48 तासांनी त्रास सुरू होतो. सोमवारी संध्याकाळी एक मुलगा, मंगळवारी त्याच्या खोलीतले दोघे, बुधवारी अकरा. त्यात उपास असल्यानं त्या दिवशी जेवलेलाच नव्हता असा एखादा असतो, आणि उलटी पुसणारा कामाठीही असतो. तरीही चौकशी भाजीचीच होते.

यासाठी प्रयोगशाळा लागत नाही, वहीचं एक पान लागतं. मुलाचं नाव, खोली, पहिली उलटी किंवा जुलाब किती वाजता, मागच्या दोन दिवसांत काय खाल्लं, पाणी कुठल्या टाकीचं प्यायलं. ही पाच रकान्यांची यादी पहिल्या तासाला लिहायला घेतली तर आरोग्य पथकाला बरणीतल्या भाजीपेक्षा तिचा उपयोग जास्त होतो. आणि नमुना द्यायचाच असेल तर आजारी मुलांच्या शौचाचाही द्या, पहिल्या दोन-तीन दिवसांतच. भाजी कितीही तपासली तरी मुलांना नोरो झाला होता की नाही, हे तिच्यातून कळत नाही.

या विषाणूची ओळख पटली तीच मुळी एका शाळेमुळे. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात नॉरवॉक नावाचं गाव आहे. 1968 साली तिथल्या प्राथमिक शाळेत निम्मी मुलं आणि शिक्षक दोन दिवसांत आजारी पडले. 1972 मध्ये त्या साथीतल्या नमुन्यात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली विषाणू दिसला आणि गावाचंच नाव त्याला चिकटलं. आपल्याकडे केरळात, वायनाडमधल्या पूकोडे इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात, नोव्हेंबर 2021 मध्ये 13 विद्यार्थ्यांना नोरोची लागण झाल्याचं तपासणीतून स्पष्ट झालं होतं. शाळा आणि वसतिगृह ही त्याची आवडती घरं आहेत. एका खोलीत दहा-दहा गाद्या, एक संडास आणि एक पिंप, त्याला आणखी काय हवं?

नॉरवॉकच्या साथीतली दुसरी गोष्ट मुलं घरी पाठवणाऱ्यांनी नीट वाचावी. शाळेत पाऊलही न टाकलेल्या घरच्या माणसांपैकी जवळपास एक तृतीयांश लोक नंतर आजारी पडले. मुलांनी तो घरी नेला. तुम्ही वसतिगृह रिकामं करता तेव्हा हेच करता, फरक इतकाच की तुमची मुलं तीस-चाळीस वाड्यापाड्यांवर जाणार असतात. घरी धाकटं भावंड असतं, आजी असते. दीड वर्षाच्या बाळाच्या अंगातलं पाणी दिवसभराच्या जुलाबांत कुठल्या कुठे जातं.

म्हणून आजारी मुलांना तिथेच वेगळ्या खोलीत ठेवा आणि त्यांना एक संडास राखून ठेवा. प्राथमिक आरोग्य केंद्राला त्याच तासाला कळवा. पालकांना फोन जरूर करा, पण मूल न्यायचं की नाही हे डॉक्टरांनी ठरवू द्या. शेवटची उलटी किंवा जुलाब होऊन 48 तास होईपर्यंत मूल वर्गात, जेवणघरात किंवा प्रवासाला पाठवू नये. बरं वाटायला लागल्यावरही काही दिवस शौचातून विषाणू पडत राहतो, तेव्हा साबणाची शिस्त त्यानंतरही दोन आठवडे चालू राहिली पाहिजे.

आता उलटीची सफाई. कामाठी ओला पोछा आणतो, बादलीत फिनेल टाकतो, खोली पुसतो आणि तोच पोछा त्याच बादलीसकट जेवणघराकडे जातो. फिनेलचा वास आला की सगळ्यांना स्वच्छ वाटतं. नोरोला त्या वासानं फारसा फरक पडत नाही. त्याला वरून चरबीचं आवरण नसतं, त्यामुळे फिनेल किंवा सॅनिटायझर यांना तो सहज दाद देत नाही. त्यात आजारासाठी जेमतेम काही विषाणूकण पुरतात. ओल्या पोछ्यानं उलटी पुसणं म्हणजे ती पातळ करून खोलीभर सारवणं.

हे काम असं करायचं असतं. खोलीतली मुलं बाहेर काढून खिडक्या उघडायच्या. सफाई करणाऱ्यानं रबरी हातमोजे आणि मास्क घालायचा. उलटीवर आधी राख, कोरडी माती, वर्तमानपत्र किंवा जुनं फडकं, जे हाताशी असेल ते टाकून ओल शोषू द्यायची. मग दोन पुठ्ठ्यांनी बाहेरून आत असं गोळा करून पुठ्ठ्यांसकट प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून पिशवी बांधायची. त्यानंतर क्लोरीनचं द्रावण. टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, घेतली तर 1 लिटर पाण्याला 20 ग्रॅम, स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून, अंदाजानं नाही. 4-5 टक्क्यांचं द्रव ब्लीच असेल तर 100 मिली ब्लीच आणि 900 मिली पाणी. हे उलटीच्या जागेवर आणि भोवतालच्या दोन-तीन हात फरशीवर ओतून 10 मिनिटं तसंच राहू द्यायचं, मग साध्या पाण्यानं धुवायचं. कड्या, नळ, जिन्याचे कठडे, संडासातल्या टमरेलाची मूठ यांना पाचपट सौम्य द्रावण, म्हणजे लिटरला 4 ग्रॅम टीसीएल किंवा 20 मिली ब्लीच, दिवसातून दोनदा. टमरेल सगळे विसरतात. संडासातली सर्वांत जास्त हाताळली जाणारी वस्तू तीच.

द्रावण रोज ताजं करा, कालचं आज कामाचं नाही. आणि ते संडास धुण्याच्या ॲसिडमध्ये कधीही मिसळू नका. त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि बंद संडासात तो छातीत जाऊन माणूस गुदमरतो. फिनेलही त्यात घालायचं नाही. आजारी मुलांच्या चादरी झटकू नका, गुंडाळून उचला, वेगळ्या गरम पाण्यात साबणानं धुवा आणि कडक उन्हात वाळवा. साथीतला पोछा साथ संपल्यावर जाळून टाका.

कोरोनाच्या काळात भिंतीला लावलेल्या सॅनिटायझरच्या बाटल्या अजून बऱ्याच ठिकाणी दिसतात, काही नियमानं भरल्याही जातात. नोरोसाठी त्यांच्यावर विसंबून चालत नाही. इथे साबण आणि वाहतं पाणीच लागतं, बोटांच्या बेचक्या आणि नखांसकट निदान 20 सेकंद. ऐंशी मुलांना दोन नळ आणि साबणाची एक झिजलेली चिपटी असेल तर मुलं हात धूत नाहीत म्हणून त्यांना रागावण्यात अर्थ नाही. वडीचे तुकडे करून जुन्या मोज्यात घालून प्रत्येक नळाला बांधा, म्हणजे साबण जागेवर राहतो आणि विरघळून वाहतही नाही.

पाण्याचं पिंप तर आमच्या डोळ्यांसमोरून हलत नाही. झाकणावर प्लॅस्टिकचा जग किंवा पेला पालथा. मूल येतं, पेला धरतं, मनगटापर्यंत हात बुडवून पाणी काढतं, पितं आणि तोच पेला परत झाकणावर. संडासातून आलेला एक हात पुरतो, त्या पिंपातून मग पुढची साठ मुलं पितात. तोटीचं पिंप घ्या. नाहीतर लांब दांड्याचं ओगराळं घ्या आणि ते खिळ्याला टांगा, पाण्यात किंवा जमिनीवर ठेवू नका. या पत्रातली सर्वांत स्वस्त मागणी हीच.

टाकीचं पाणी वरून नितळ दिसतं म्हणून शुद्ध नसतं. 1000 लिटरच्या टाकीला साधारण 5 ग्रॅम चांगली टीसीएल लागते. पावडर सरळ टाकीत फेकायची नाही. आधी बादलीत थोड्या पाण्यात पेस्ट करा, मग बादली पाऊण भरा, दहा मिनिटांत चुना तळाला बसतो, वरचं नितळ पाणी तेवढं टाकीत ओता. निदान अर्धा तास थांबून मगच नळ सोडा. तपासणी टाकीजवळ करू नका, मुलं जिथून पितात त्या शेवटच्या नळावर ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन किती उरला आहे हे रंगावरून दाखवणारी चाचणी, करा. पाण्यात द्रव टाकल्याबरोबर पहिल्या दहा सेकंदांत येणारा पिवळा रंग बघायचा, तो 0.5 च्या खुणेशी जुळला पाहिजे. पंधरा मिनिटांनी रंग गडद होतो तो बघून समाधान मानू नये, त्यात जंतू मारण्याची फारशी ताकद न उरलेला क्लोरीनही मोजला जातो. रंगच आला नाही तर बहुतेक वेळा दोष पावडरीचा असतो. दमट कोठीत तोंड उघडं राहिलेल्या पोत्यातला क्लोरीन उडून जातो आणि खाली नुसता चुना उरतो. पावडर घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यात, अंधारात ठेवा. ज्यांच्याकडे आरओ मशीन आहे त्यांनीही निश्चिंत राहू नये. आरओ पाण्यातला क्लोरीन काढून टाकतं, त्यामुळे पुढच्या साठवण टाकीत जंतू शिरला तर त्याला अडवायला काहीच नसतं.

सर्वांत मोठी तक्रार ओआरएसची आहे. असतं, पण कार्यालयाच्या कपाटात असतं. जुलाब सुरू होतात रात्री दीडला आणि किल्ली असते लिपिकाच्या घरी. कुठे पाकिटांची मुदत संपलेली असते. कुठे ते बनवलंच चुकीचं जातं. सुमारे 21 ग्रॅमच्या पाकिटात मीठ 2.6, ग्लुकोज 13.5, पोटॅशियम क्लोराईड 1.5 आणि सायट्रेट 2.9 ग्रॅम असतं. हे प्रमाण बरोबर 1 लिटरसाठी बांधलेलं आहे. आतड्यात मीठ आणि ग्लुकोज जोडीनं आत शिरतात आणि पाण्याला ओढून नेतात, जुलाब चालू असतानाही. अख्खं पाकीट एका पेल्यात ढवळलं तर ते इतकं दाट होतं की उलट शरीरातलंच पाणी आतड्यात येतं आणि जुलाब वाढतात. अर्धं पाकीट नजरेनं ओतलं तर मीठ किती गेलं याचा पत्ता नसतो. 200 मिलीची छोटी पाकिटंही मिळतात, तेव्हा पाकिटावर किती पाणी लिहिलं आहे ते आधी वाचा. मापाला 1 लिटरची पाण्याची रिकामी बाटली ठेवा. वरून साखर, लिंबू, सरबताची पूड काही घालू नका. मिसळल्यावर उकळू नका आणि 24 तासांनी उरलेलं फेकून द्या.

दुकानात ‘ओआरएस’ लिहिलेली गोड पेयं खोक्यांतून मिळत होती, ती ओआरएस नव्हेत. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष अनेक वर्षं याविरुद्ध झगडल्या. ऑक्टोबर 2025 मध्ये एफएसएसएआयनं, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं, खाद्यपेयांच्या नावात ‘ओआरएस’ हा शब्द वापरायला मनाई केली. शीतपेय, डबाबंद रस आणि नुसती ग्लुकोज पावडर हेही ओआरएस नव्हेत, त्यात साखर भरमसाट आणि मीठ नावाला.

पाकीट नसेल तर 1 लिटर पिण्याच्या पाण्यात चहाचे 6 सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चव घेऊन बघा, अश्रूंपेक्षा खारट लागली तर ओतून द्या आणि नव्यानं करा. मीठ घातलेली तांदळाची पेज, डाळीचं पाणी, शहाळं, शुद्ध पाण्याचं ताक हेही चालतं.

द्यायचं कसं? दोन ते दहा वर्षांच्या मुलाला दर जुलाबानंतर 100 ते 200 मिली, मोठ्यांना हवं तेवढं. उलटी झाली की ‘त्याच्या पोटात काही टिकत नाही’ म्हणून पाणी बंद केलं जातं. तसं करू नका. दहा मिनिटं थांबा, मग चहाच्या चमच्यानं दर दोन मिनिटांनी एक चमचा. कंटाळवाणं आहे खरं, पण 5 मिलीचा चमचा दर दोन मिनिटांनी म्हणजे तासाला 150 मिली होतं, आणि तेवढ्या सावकाश दिलेलं बहुतेक पोटात राहतं.

यासाठी डॉक्टर लागतो असं वाटत असेल तर 1971 आठवा. बांगलादेशाच्या युद्धात पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ होती आणि सलाईन संपली होती. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचं पाणी तोटीच्या पिंपांत भरून ठेवलं आणि पाजायचं काम रोग्यांच्या नातेवाइकांवर सोपवलं. 30 टक्क्यांच्या घरातलं मृत्यूचं प्रमाण तिथे चार टक्क्यांच्या खाली आलं. तुमच्याकडे तर गृहपाल आहे, अधीक्षिका आहे आणि रात्रभर जागायला तयार असलेली मोठी मुलं आहेत.

लंघनाचा सल्ला देऊ नका. उलटी थांबली की मऊ भात, मुगाची खिचडी, केळं सुरू करा. जुलाब बंद करणाऱ्या गोळ्या मुलांना देऊ नका आणि कपाटातल्या उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्याही वाटू नका, विषाणूवर त्यांचा काही उपयोग नाही. पाच वर्षांखालच्या भावंडाला घरी लागण झाली तर ओआरएससोबत झिंकची गोळी 14 दिवस द्यायची असते. सहा महिन्यांपुढच्या बाळाला रोज 20 मिलिग्रॅम, हे आशाताईंकडून पालकांपर्यंत पोहोचवा.

वाट न बघता 108 कधी बोलवायची तेही सांगतो. मूल गुंगीत आहे किंवा पाणीच पीत नाही. सहा-आठ तासांत लघवी नाही. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर लगेच सपाट होत नाही. शौचातून रक्त पडतं किंवा शौच तांदळाच्या धुवणासारखं आहे. आदिवासी भागातल्या आश्रमशाळांनी आणखी एक यादी हाताशी ठेवावी, सिकलसेल असलेल्या मुलांची. अंगातलं पाणी कमी झालं की त्यांच्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकून अडकतात आणि असह्य वेदना सुरू होतात, म्हणून त्यांना पहिल्याच जुलाबाला दाखवा. आणि जुलाब बरे झाल्यावर एक-दोन आठवड्यांत कुणाच्या पायात मुंग्या आल्या, जिना चढवेना, तर त्याला ढोंगी म्हणू नका. जानेवारी 2025 मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात जीबीएसची, म्हणजे नसांवर परिणाम होऊन हातपाय लुळे पडणाऱ्या आजाराची, साथ आली, तेव्हा बऱ्याच रुग्णांना आधी जुलाबच झाले होते.

शेवटची तक्रार स्वयंपाकीण बाईंच्या वतीनं. रोजंदारीवरच्या बाईनं सुट्टी घेतली तर खाडा पडतो, म्हणून रात्री स्वतःला चार जुलाब झाले तरी सकाळी ती दोनशे पोळ्या लाटायला येते. तिनं आजार लपवला म्हणून तुम्ही तिला काढता. आजार सांगितला असता तर तिची मजुरी कापली असती.

आमच्या मागण्या:

उलट्या-जुलाब झालेल्या स्वयंपाकी, वाढपी आणि कामाठ्यांना बरं झाल्यावर 48 तासांपर्यंत भरपगारी रजा, आणि तेवढ्या दिवसांसाठी बदली माणूस आधीच ठरवलेला.

डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय साथीत मुलांची रवानगी नाही.

तोटीचं पिंप किंवा ओगराळं आणि प्रत्येक नळाला साबण, येत्या आठवड्यात.

शेवटच्या नळावरची रोजची ओटी टेस्ट, वार आणि रंगासह फळ्यावर लिहिलेली, पालकांना वाचता येईल अशी.

हातमोजे, मास्क, पुठ्ठे, पिशव्या, टीसीएल आणि तोलकाटा यांची एक पेटी, प्रत्येक मजल्यावर.

शंभर मुलांमागे ओआरएसची दोनशे पाकिटं. हा आकडा हवेतला नाही. चाळीस मुलं, रोज दोन लिटर, दोन दिवस म्हणजे 160 होतात, वरची चाळीस सांडलवंडीला.

आचाऱ्यावर कारवाई करण्याआधी ते पाच रकान्यांचं पान भरलेलं असावं.

या पत्राला लेखी उत्तर नको. ओआरएसची पाकिटं कुठल्या कपाटात आहेत आणि त्याची किल्ली रात्री कुणाकडे असते, एवढं आज झोपण्यापूर्वी मुलांना सांगा.

आपले,
उलट्या-जुलाबाचे पेशंट बघणारे काही डॉक्टर, परिचारिका आणि आरोग्यसेवक